धुऱ्यापर्यंत नेणारी गाडी

जालना जिल्ह्यातील रस्त्यांचा विचार करू लागले की त्यांच्यातील विषमता प्रथम नजरेत भरते. ज्या जिल्ह्यातून नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गासारखा सहापदरी राजमार्ग गेला आहे, आणि ज्या राजमार्गावर दुचाकीस प्रवेश निषिद्ध असल्यामुळे बहुसंख्य वाहनधारकांच्या वाट्याला त्याचा फक्त पुलाखालचा बोगदा येतो, त्याच जिल्ह्यात भोकरदन, जाफराबाद, घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातील शेतकऱ्याला स्वतःच्या आखाड्यावर पोचायचे तर डांबर संपल्यावर खडी, खडी संपल्यावर मुरूम, मुरूम संपल्यावर पाणंद आणि पाणंदही संपल्यावर नुसता धुरा, अशा उतरत्या क्रमाने प्रवास करावा लागतो. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद (आताचे संभाजीनगर) व परभणी या जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा; अंतरे तशी आटोपशीर आहेत, आणि जालन्याहून सकाळी निघालेल्या माणसाला कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन काम उरकून दिवे लागण्यापूर्वी घरी परतता येते. अडचण असते ती शेवटच्या कोसाची.

हा शेवटचा कोस ज्यांच्या चरितार्थाचा भाग आहे अशी माणसे या जिल्ह्यात थोडीथोडकी नाहीत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी येथे स्थापन केली, पुढे इतरही कंपन्या आल्या आणि जालना हे संकरित बियाण्यांचे माहेरघर म्हणून ओळखले जाऊ लागले. पण बीजोत्पादन हा धंदाच असा की त्याचे खरे कारखाने शेतकऱ्यांच्या वावरात असतात, आणि त्यामुळे बियाण्याचे प्लॉट पाहत हिंडणाऱ्या पर्यवेक्षकाला महामार्ग आणि चिखल या दोहोंशी एकाच दिवशी गाठ घालावी लागते. मोसंबीच्या बागा हिंडून सौदे करणारा व्यापारी, गुरांचा डॉक्टर, कृषी सहायक, गावोगावचे दूध गोळा करणारा गवळी, या सर्वांची तीच अवस्था. अशा माणसाने डांबर आणि माती या दोन्हींवर चालणारी मोटारसायकल घ्यायची ठरवली, आणि नवी घेण्याइतकी ऐपत नसल्यामुळे किंवा नव्या गाडीला पहिल्याच पावसाळ्यात ओरखडे पाडण्याची इच्छा नसल्यामुळे ती जुनी घ्यायची ठरवली, तर त्याने काय पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

अशा गाडीला स्वतंत्र जात आहे, ही कल्पनाच आपल्याकडे अलीकडची. सत्तरच्या दशकात राजदूत आणि येझदी, ऐंशीच्या दशकात बजाजची एम-८०, पाठोपाठ १९८५ साली आलेली हिरो होंडाची सीडी-१०० आणि तिच्या पोटी जन्मलेला स्प्लेंडरचा वंश, या गाड्यांनी मराठवाड्यातील पाणंदी इतकी वर्षे तुडवल्या, पण त्यांच्या निर्मात्यांनी त्या पाणंदींसाठी केलेल्या होत्या असे म्हणवत नाही. दोन्ही प्रकारच्या वाटांसाठी म्हणून मुद्दाम घडवलेली गाडी सामान्य भारतीयाच्या आवाक्यात प्रथम आणली ती हिरोने, २०११ साली, इम्पल्स या नावाने. १५० सीसीची ही उंच, सडपातळ गाडी काळाच्या थोडी आधी आली आणि फारशी न खपताच बंद पडली. २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डची ४११ सीसीची हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००, आणि २०२० च्या प्रारंभी चाकणला तयार होणारी केटीएमची ३९० अॅडव्हेंचर. यांतील पहिल्या वर्षांच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाण्याच्या वयाला आल्या असून जालन्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या एमएच २१ प्रमाणेच संभाजीनगरच्या २०, बीडच्या २३ आणि बुलढाण्याच्या २८ क्रमांकाच्या पाट्या लावून उभ्या दिसतात.

या गाड्यांची कीर्ती मात्र डोंगरातली आहे. जाहिरातींत त्या बर्फाच्या कडेने किंवा नदीच्या गोट्यांवरून धावताना दाखवतात, आणि ग्राहकही नकळत त्याच दृश्याला समोर ठेवून निवड करू लागतो. जालन्याचा शत्रू वेगळा आहे. बेसाल्ट खडक झिजून झालेली आपली काळी कसदार जमीन, जी कपाशीला माता आहे, तीच ओली झाली की चाकाला सावत्र होते. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, टायरच्या खाचांत भरतात, खाचा भरल्या की टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो, आणि तो फिरत राहिला की वर चढलेला चिखल टायर व मडगार्ड यांच्यामधील फटीत ठासून बसतो. मग इंजिन कितीही जोरकस असो, पुढचे चाक फिरायचेच थांबते आणि स्वाराला उतरून काडीने चिखल खरवडावा लागतो. मृग बरसल्यानंतरच्या पंधरवड्यात कोणत्याही शिवारात हे दृश्य पाहावयास मिळते. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि गाडीवाटेवर पाऊलभर फुफाटा साचतो, जो इंजिनाच्या श्वासात जाऊन आतून त्याला झिजवतो.

या दोन संकटांना तोंड द्यायचे तर गाडीत काय हवे? जमिनीपासून पुरेशी उंची हवी, हे खरे. एक्सपल्स व हिमालयन या दोघींचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर असते, तर स्प्लेंडरचे १६५ च्या आसपास, आणि बैलगाडीच्या चाकोरीतील मधल्या उंचवट्यावर हा फरक स्पष्ट जाणवतो. पुढचे चाक मोठे हवे, हेही खरे. २१ इंची चाक खड्ड्यात पडण्याऐवजी त्याच्या कडेवरून जाते, आणि भेगाळलेल्या रानात हँडल हातातून हिसकले जाण्याचे प्रमाण कमी होते. पण माझ्या मते या दोहोंपेक्षा महत्त्वाची, आणि गाडी घेताना सर्वांत कमी विचारली जाणारी गोष्ट म्हणजे वजन. डांबरावर वजन हा गुण असतो. भरधाव ट्रक बाजूने गेला तरी जड गाडी डगमगत नाही. चिखलात गाडी पडते. ती पडणारच. त्या वेळी आसपास मदतीला कोणी नसते, पायाखाली घट्ट जमीन नसते, आणि तेथे १५४ किलोची एक्सपल्स उचलणे व १९० किलोच्या पुढची हिमालयन उचलणे यांत जो फरक आहे तो आकड्यांतून कळत नाही, कमरेतून कळतो.

हिमालयन ही वाईट गाडी आहे असा याचा अर्थ नाही. तिचे इंजिन कमी फेऱ्यांत ओढणारे आहे, पंधरा लिटरची टाकी आहे, आसन बुटक्या माणसालाही पेलणारे आहे, आणि ज्याला आठवड्यातून दोनदा जालना–शहागड–बीड असा राष्ट्रीय महामार्गाचा पल्ला मारून महिन्यातून एखाद्या वेळी मळ्यात जावे लागते, त्याने ती डोळे मिटून घ्यावी. मात्र तिला चोचीसारख्या वरच्या मडगार्डखाली टायरला लगटून आणखी एक मडगार्ड असतो, आणि काळ्या मातीत तोच अडतो. पूर्वीच्या मालकाने तो काढून ठेवलेला असेल तर तो मनुष्य अनुभवी होता असे समजावे. एक्सपल्सची स्थिती उलटी. तिच्या पाच गिअरांवर महामार्गावर ताशी ऐंशीच्या पुढे फार वेळ रेटणे तिला मानवत नाही, पण रानात ती हरणासारखी हलकी वाटते. तिचे आसन ८२३ मिलिमीटर उंच असल्यामुळे साडेपाच फुटांखालच्या माणसाने दोन्ही पाय टेकतात की नाही हे उभ्या गाडीवर बसून पाहावे, आणि केवळ सपाट जागेवर न पाहता एका बाजूला उतार असलेल्या जागेवर पाहावे. केटीएमविषयी एवढेच म्हणेन की ती तरुणांची गाडी आहे, तिच्या पहिल्या वर्षांच्या गाड्यांची चाके तारांची नसून ओतीव आहेत, दगडावर आदळून त्यांची कड मुडपली वा तडकली तर गावात ती सरळ करणारा कोणी भेटत नाही.

चाकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. २१ इंची पुढच्या चाकाची ट्यूब ही परतूर किंवा जाफराबादच्या पंक्चरवाल्याकडे हमखास मिळेलच असे नाही. त्याच्याकडे टांगलेल्या ट्यूबा असतात त्या रोजच्या प्रवासी गाड्यांच्या, अठरा व सतरा इंची. म्हणून अशी गाडी घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी पुढच्या मापाची एक ट्यूब आणि टायर उपसण्याच्या दोन पट्ट्या आसनाखाली कायमच्या बांधून ठेवाव्या.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. याच जिल्ह्यातील असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज व मराठे यांची जी लढाई झाली, तिच्या आधी केळणा नदी ओलांडण्यास उतार नाही असे वाटाड्यांनी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला सांगितले होते. परंतु समोरासमोरच्या काठांवर दोन गावे जवळजवळ वसलेली दुर्बिणीतून दिसताच, एवढ्या जवळच्या गावांत येणेजाणे असणारच आणि त्याअर्थी मध्ये उतारही असणार, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. त्या लढाईत आपला पराभव झाला ही खंत आहेच, पण तर्क अजूनही उपयोगी आहे. केळणा, गिरजा, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठाने अनोळखी शिवारात हिंडणाऱ्या स्वाराने मोबाइलवरील नकाशापेक्षा माणसांच्या वहिवाटीवर विश्वास ठेवावा. आणि जुनी गाडी घेताना हेही लक्षात ठेवावे की या उतारांतून ती कितीदा गेली असेल ते तिच्या पोटात लिहिलेले असते.

ते वाचायचे कसे, याचा वस्तुपाठ मला अंबडकडच्या एका आखाड्यावर मिळाला. विक्रीची गाडी लिंबाच्या सावलीत धुऊनपुसून उभी होती, टाकी चकाकत होती, टायरांना काळे पॉलिश मारलेले होते. माझ्याबरोबर आलेल्या मिस्त्रीने गाडीच्या तोंडाकडे पाहिलेही नाही. त्याने प्रथम इंजिनावर उलटा तळहात ठेवला, कारण मालकाने गाडी आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर थंडीतला खोकला लपवण्याचा तो डाव असू शकतो, आणि ते थंड आहे अशी खातरजमा झाल्यावर बाजूचे झाकण खोलून हवेचा फिल्टर बाहेर काढला. त्याच्या घड्यांत करड्या पिठासारखी धूळ बसली होती. फिल्टरच्या आतल्या बाजूच्या नळीत त्याने बोट फिरवले. बोटाला तेच पीठ लागले. “काका, गाडी धुतात सगळे, हे कुणी धुवत नाही,” तो म्हणाला, आणि किक मारून मागे जाऊन उभा राहिला. सायलेन्सरमधून निळसर धूर आला व तो गाडी तापल्यावरही थांबला नाही. फिल्टर ओलांडून गेलेल्या फुफाट्याने पिस्टनच्या रिंगा खाल्ल्या होत्या. म्हणजे बोअरचे काम आले. मालक भला माणूस होता, त्याने वाद घातला नाही, पण आम्ही चहा पिऊन परतलो.

त्यानंतर त्याच मिस्त्रीने इतर गाड्यांवर जे तपासताना मी पाहिले त्याचा तपशील असा. इंजिनाचे तेल काचेतून किंवा काडीवर पाहायचे. ते दुधाळ चहासारखे दिसले तर कधीतरी ओढ्यातून जाताना पाणी आत शिरले आहे. गाडीखाली वाकून पोटाची पत्र्याची ढाल पाहायची. तिच्यावर पोचे असतील तर हरकत नाही, ढाल त्यासाठीच असते, पण पोचे ढालीच्या मागे इंजिनाच्या अंगावर असतील तर गाडी सोडून द्यायची. पुढचे शॉकअप दोन-चार वेळा दाबून नळ्यांवर तेलाचे कडे उमटते का ते पाहायचे; सुकलेला चिखल सीलच्या ओठाशी घासून तेल गळू लागते, आणि ते नुसते पुसून ठेवणे विक्रेत्याला सहज शक्य असल्यामुळे प्रश्न विचारण्यापेक्षा दाबून पाहणे बरे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश डावीउजवीकडे फिरवायचे. मधोमध ते किंचित अडकल्यासारखे झाले तर कोनसेट गेलेला आहे. मागचे चाक धरून आडवे हलवायचे. चाकाला धरणाऱ्या चिमट्याच्या बुशांत खेळ असेल तर हाताला खट्ट असे जाणवते. चाकाच्या तारांवर पान्याची दांडी फिरवायची. सर्व तारा एका सुरात वाजल्या पाहिजेत, ज्या बद्द वाजतात त्या सैल असतात. चेन-सॉकेटचे दाते मांजराच्या नखासारखे वाकले असतील तर तो खर्च किमतीतून वजा करायचा. टायरच्या बाजूवर चार आकडी मजकूर असतो, त्यातील पहिले दोन आकडे आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बटन टायरच्या गाठी शाबूत दिसल्या तरी रबर सहा-सात वर्षांचे असेल तर ते मातीत चालेल, पण पावसातल्या डांबरावर दगा देईल.

किलोमीटरच्या आकड्यावर मात्र त्याने कधीच वेळ घालवला नाही. मीटर बदलता येतो, पण ब्रेकच्या पायपट्टीवरची झीज आणि पाय ठेवण्याच्या रबराचे गुळगुळीतपण बदलून ठेवण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

इंधनाच्या रचनेचाही विचार करावा लागतो. २०१९ सालच्या एक्सपल्सच्या काही गाड्या कार्बोरेटरच्या आहेत, काही इंजेक्शनच्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या सर्वच इंजेक्शनच्या. कार्बोरेटर गावचा मिस्त्री बांधावर बसून साफ करील, इंजेक्शनला मात्र तालुक्याच्या ठिकाणचे यंत्र लागते. उलटपक्षी, पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागल्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांतील रबरी नळ्या व सील लवकर खराब होतात, आणि अशी गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत पाणी धरण्याचाही संभव असतो. मी स्वतः, मिस्त्री जवळ असेल तर, कार्बोरेटरची गाडी घेऊन तिच्या नळ्या बदलून टाकणे पसंत करीन.

गाडीइतकाच तिचा पूर्वीचा मालक पारखावा लागतो. “लडाखला जाऊन आलेली गाडी आहे” हे वाक्य विक्रेते भूषण म्हणून उच्चारतात. त्या गाडीच्या दांड्यांवर पेट्या अडकवण्याच्या सांगाड्याच्या खुणा असतात, आरशाला चिकटवलेली प्रार्थनेची रंगीत पताका असते, आणि चारशे किलोचा एकूण भार घेऊन खडकाळ घाटांत घातलेल्या या गाडीच्या चौकटीच्या सांध्यांवर नवा रंग दिसला तर तो कशासाठी दिला, हे विचारल्यावाचून राहू नये. माझा कल अशा गाडीपेक्षा एखाद्या शिक्षकाने किंवा बँकेतल्या कारकुनाने रोज जालना ते बदनापूर चालवलेल्या, चिखल न पाहिलेल्या गाडीकडे जाईल. दुर्दैवाने असे लोक अशा गाड्या क्वचित घेतात.

आणि येथे एक स्पष्ट गोष्ट सांगणे भाग आहे. ज्याचा रस्ता पाणंदीपलीकडे जात नाही, ज्याला दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरच हिंडायचे आहे, त्याने या सर्व प्रकरणात पडूच नये; एकाच मालकाची, नीट ठेवलेली शंभर सीसीची गाडी घ्यावी, तिला मागे बटन टायर बसवावे, पुढचा मडगार्ड मिस्त्रीकडून बोटभर वर उचलून घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत ठिबकच्या नळ्या घ्याव्या. ११० किलोच्या आसपासची ती गाडी चिखलात पडली तर एका हाताने उभी राहते. दोन्ही वाटांची खास गाडी घ्यावी ती ज्याला महामार्गाचा वेग आणि रानातली उंची दोन्ही नित्य लागतात त्यानेच.

राहता राहिला दप्तराचा भाग, आणि अनेक सौदे येथेच फसतात. शेतजमीन घेताना जो मनुष्य सातबाऱ्यावरचा बोजा दहादा पाहतो, तोच मोटारसायकलच्या नोंदणी पुस्तिकेवर वित्तसंस्थेचे नाव असताना “हप्ते संपलेत” या तोंडी शब्दावर पैसे मोजून मोकळा होतो. हप्ते संपले असतील तर संस्थेचा दाखला आणि नमुना ३५ विक्रेत्यापाशी असलाच पाहिजे. गाडीचा व चौकटीचा क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहावा, सरकारी वाहन संकेतस्थळावर दंडाच्या थकलेल्या पावत्या पाहाव्या. नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, म्हणून जुन्या येझदी-राजदूतच्या मोहात पडणाऱ्याने ती मुदत आधी तपासावी. परराज्यातील गाडी असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा करही नव्याने भरावा लागतो. तेव्हा सीमेपलीकडची स्वस्त गाडी हिशेबाअंती स्वस्त राहीलच असे नाही.

हस्तांतरणाचे अर्ज नमुना २९ व ३० चे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास इतल्ला द्यावयाची असते, आणि विम्यावर आपले नाव चढवण्यासाठीही घेणाऱ्याला चौदाच दिवसांची मुदत आहे. बाजारातला शिरस्ता मात्र असा की विकणारा याच अर्जांच्या कोऱ्या नमुन्यांवर, म्हणजे टीटी फॉर्मवर, सह्या करून देतो, दलाल ते फॉर्म खिशात ठेवतो, आणि गाडी तीन हातांतून फिरली तरी दप्तरात पहिल्याचेच नाव राहते. यात घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्यालाही धोका आहे, कारण वाहन अनेकदा विकले गेले असले तरी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या नुकसानभरपाईस तोच जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे. म्हणून इसार द्यावा, गाडी मिस्त्रीला दाखवावी, भाव ठरवावा, परंतु शेवटची रक्कम हातची राखून ठेवावी, आणि जालन्याच्या परिवहन कार्यालयाच्या नोंदीत आपले नाव चढल्याचे स्वतः पाहिल्यावरच ती मोजावी.